सात हजारांची कुस्ती

कॉलेजच्या खेळाची परंपरा म्हटलं की आपण कपाटातले कप मोजतो. निपाणीहून तासाभरावर असलेल्या कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजची गोष्ट मात्र एका घराची आहे.

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव तिथं शिकायला होते. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला. खाशाबांचा सराव सगळा लाल मातीतला, तिथं मात्र कुस्ती गादीवर! मातीत पाठ लागली की चितपट. गादीवर गुणही मोजतात. तरी गडी सहावा आला.

१९५२ ला हेलसिंकीसाठी पुन्हा पैशांची ओढाताण. गावानं वर्गणी काढली, पण ती पुरणार कशी? राजाराममधले त्यांचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं राहतं घर गहाण टाकून ७,००० रुपये दिले. (आज फीची मुदत चार दिवस वाढवून मागताना आपली काय अवस्था होते, आठवा.) खाशाबांनी ५७ किलो गटात कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. गावाकडं बैलगाड्यांची मिरवणूक निघाली.

मला त्यानंतरचा भाग जास्त भावतो. मिरवणूक संपल्यावर खाशाबांनी पुन्हा लंगोट कसला, कुस्त्या मारल्या आणि त्या पैशातून सरांचं घर सोडवलं.