शून्य आलं तर आधी खातरजमा कर

डोंबिवली

चि. छोटीस,


तुला जीआरसीच्या, म्हणजे धोके आणि नियमपालन बघणाऱ्या, टीममध्ये घेतलं, पण पहिलं काम मिळालं ते कंपनीचे व्यवहार ज्यात नोंदले जातात त्या एसएपी प्रणालीशी कनेक्टर जोडून देण्याचं, म्हणून तू हिरमुसलीस असं वहिनी म्हणाली. नियम ठरवणारे वेगळे, धोक्यांची यादी करणारे वेगळे, आणि तुझ्या वाट्याला नुसती जोडणी. मला मात्र वाटतं, त्या प्रकल्पात सगळ्यात मोठी जबाबदारी तुझीच आहे. इतकी वर्षं अंतर्गत लेखापरीक्षणात घालवल्यावर हे बोलायचा मला थोडा अधिकार आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

ब्रॅडी हाऊसचं प्रकरण तुम्हा मुलांना बातमी म्हणून आठवत असेल. आम्हा फोर्टात नोकरी केलेल्यांसाठी ती रोजच्या रस्त्यावरची इमारत. तिथल्या शाखेतले सुमारे ११,४०० कोटी रुपयांचे फसवे व्यवहार पंजाब नॅशनल बँकेने फेब्रुवारी २०१८ मध्ये जाहीर केले. पुढे तो आकडा तेरा हजार कोटींच्या वर गेला. लोकांच्या लक्षात राहिला तो हिरे व्यापारी. आपल्या कामाची गोष्ट वेगळी आहे. परदेशातल्या शाखांना जाणारी हमीपत्रं ‘स्विफ्ट’ या बँकांच्या संदेशप्रणालीवरून सुटत होती आणि बँकेच्या कोअर बँकिंग प्रणालीत त्यांची नोंदच होत नव्हती, कारण त्या दोन प्रणाली एकमेकींना जोडलेल्या नव्हत्या. दोन्ही व्यवस्थित चालू होत्या. कोअर बँकिंगवर जगातला उत्तमातला उत्तम नियम रोज रात्री चालवला असता, तरी सकाळी उत्तर आलं असतं की सगळं ठीक आहे. ऑगस्ट २०१६ पासून आपण स्विफ्टच्या गैरवापराबद्दल बँकांना किमान तीनदा सावध केलं होतं, असं रिझर्व्ह बँकेने नंतर सांगितलं. मार्च २०१८ मध्ये ती हमीपत्रांची पद्धतच बंद झाली, आणि स्विफ्टबाबतच्या सूचना वेळेत न पाळल्याबद्दल मार्च २०१९ मध्ये ३६ बँकांना मिळून ७१ कोटींचा दंड झाला. हे सगळं प्रकरण शेवटी एका न झालेल्या जोडणीपाशी येतं. तुला मिळालेलं काम हे असं आहे.

आता तुझ्या टेबलावर येते. एसएपीच्या एसएम५९ या पडद्यावर आरएफसी डेस्टिनेशन, म्हणजे जोडणीचा पत्ता, तयार करशील, ‘कनेक्शन टेस्ट’चं बटण दाबशील आणि हिरवा निकाल बघून पुढे जावंसं वाटेल. थांब. ती चाचणी फक्त समोरची यंत्रणा नेटवर्कवर सापडते का, एवढंच बघते. दिलेल्या युजरला आत प्रवेश मिळतो का, हे बघायला त्याच पडद्यावर ‘ऑथरायझेशन टेस्ट’ वेगळी आहे, ती चालव. पण तीही फक्त लॉगिनपुरती. फोनची रिंग गेली, पलीकडून कुणी उचललाही, म्हणून तो सगळं सांगणारच असं नसतं. आत गेलेल्या युजरला काय काय दिसतं, हा खरा प्रश्न, आणि तो कोणतंही बटण सोडवत नाही.

त्या युजरबद्दल मी हट्टी आहे. तो ‘सिस्टीम’ प्रकारचा असू दे, ‘डायलॉग’ नको. डायलॉग युजरचा पासवर्ड ठरावीक मुदतीने बदलावा लागतो, आणि एखाद्या महिनाअखेरीला तुझी जोडणी गपचूप मरते. शिवाय त्या नावाने कुणी माणूस पडद्यावर लॉगिन करून बसू शकतो. दुसरं, प्रकल्पाची घाई असली की कुणीतरी म्हणणारच, ‘तूर्त एसएपी-ऑल दे, नंतर काढू.’ ते ‘नंतर’ कधी येत नाही. ज्याने पहारा करायचा त्याच्याच हातात तिजोरीच्या सगळ्या किल्ल्या, असा पहारा कोणता लेखापरीक्षक मान्य करील? वाचण्यापुरते हक्क दे, नेमके फंक्शन ग्रुप आणि टेबल गट ठरवून दे. ट्रेस लावून कोणता हक्क कुठे तपासला जातो ते बघ. वेळ लागेल, लागू दे. प्रकल्प व्यवस्थापक रागावले तरी शांतपणे सांग की हा वेळ कामातलाच आहे.

पण हक्क कमी देण्याचीही एक बाजू आहे, आणि माझं खरं सांगणं तेच आहे. हक्क अपुरे असले की दर वेळी चूक लाल अक्षरांत दिसतेच असं नाही. एसएपीतले कितीतरी रिपोर्ट ज्या कंपनी कोडचा हक्क नाही, त्याच्या ओळी मुकाट गाळतात आणि उरलेल्या दाखवतात. समज, कंपनीने नवा कारखाना घेतला, त्याचा नवा कंपनी कोड उघडला आणि तुझ्या युजरच्या रोलमध्ये तो कुणी घातला नाही. नियम चालतो, काम यशस्वी झाल्याची नोंद होते, अपवाद शून्य. वरिष्ठांच्या डॅशबोर्डवर हिरवा रंग. त्या कारखान्यात कुणी पुरवठादाराचा बँक खाते क्रमांक बदलून त्याच संध्याकाळी पैसे पाठवले, तरी तुझा नियम तिकडे बघतच नाही. लाल आलं तर माणसं धावतात. हिरव्याकडे कुणी दुसऱ्यांदा बघत नाही, म्हणून मला भीती हिरव्याची वाटते.

म्हणून प्रत्येक फेरीबरोबर किती नोंदी वाचल्या, हा आकडा साठवायची सोय कर. ‘शून्य अपवाद’ या शब्दांपुढे वाचलेल्या नोंदींची संख्या दिसलीच पाहिजे. महिन्यातून एकदा ती संख्या आणि रकमेची बेरीज वित्त विभागाच्या स्वतःच्या अहवालाशी ताडून बघ, कंपनी कोडनिहाय. ही हिशेबनिसांची जुनी पद्धत आहे आणि अजून तिच्याइतकी भरवशाची दुसरी मला सापडलेली नाही. आणि नियम सुरू करण्याआधी चाचणी प्रणालीत मुद्दाम एक गुन्हा घडव. खोटा पुरवठादार उघड, त्याचं खातं बदल, एकाच बिलाची दोनदा नोंद कर, आणि नियम पकडतो का बघ. उत्पादन प्रणालीत, म्हणजे रोजचे खरे व्यवहार चालतात त्या प्रणालीत, असलं काही करायचं नाही. तिथे मागे प्रत्यक्ष घडलेला, कागदोपत्री असलेला एखादा प्रकार घे आणि त्या तारखांवर नियम चालवून बघ. नियमाने एकदा काहीतरी पकडलेलं डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्याच्या शून्यावर सही करू नकोस.

आणखी एक गोष्ट, जिच्यावर हुशार माणसंही फसतात. उत्पादन क्लायंट बदलांसाठी बंद आहे ना, हा साधा नियंत्रणबिंदू घे. तुझा नियम रोज रात्री टी००० टेबल वाचतो आणि रोज ‘बंद’ असंच उत्तर येतं. दुपारी दोन तास तो क्लायंट कुणी उघडला, हवं ते केलं आणि परत बंद केला, तर रात्रीच्या नियमाला काय दिसणार? क्षणाची स्थिती तपासणं वेगळं आणि मधल्या काळातले बदल तपासणं वेगळं. बदल तपासायचे तर त्या टेबलाच्या बदलांची नोंद प्रणालीत ठेवली जात असली पाहिजे, आणि त्यासाठी आरईसी/क्लायंट हा पॅरामीटर चालू लागतो. तो चालू आहे का, हे बेसिसवाल्यांच्या, म्हणजे प्रणाली सांभाळणाऱ्यांच्या, तोंडी शब्दावर सोडू नकोस. स्वतः बघ. एखादी फेरी चुकली तर पुढची फेरी मधला काळ भरून काढते की तेवढी खिडकी उघडीच राहते, हेही बघ.

एसएपीच्या नव्या एस/४ हानावर जाणार आहात म्हणे. तेव्हा पुरवठादाराची नोंद बिझनेस पार्टनरच्या वाटेने होईल. तुमचा जुना नियम फक्त एक्सके०१, एक्सके०२ या पुरवठादार नोंदवण्याच्या जुन्या पडद्यांकडे बघत असेल, तर सगळी वर्दळ दुसऱ्या रस्त्याने जाईल आणि तो रिकाम्या रस्त्यावर उभा राहील. चाचणी प्रणाली उत्पादनाच्या प्रतीवरून ताजी करतात, त्या रात्रीही जागी राहा. प्रतीबरोबर आरएफसी डेस्टिनेशनही जशीच्या तशी येतात, आणि चाचणी प्रणाली थेट उत्पादनाला हात घालू लागते.

जोडणीचा मालक कोण, हे लेखी ठरवून घे. बेसिसचा माणूस ती सांभाळेल, ते ठीकच आहे. पण ज्यांच्या हक्कांवर नजर ठेवायची, त्यांनाच ती नजर बंद करता येत असेल, तर जोडणीतला प्रत्येक बदल तिसऱ्या कुणाला तरी कळला पाहिजे. वित्त नियंत्रकाला किंवा अंतर्गत लेखापरीक्षणाला. जोडणी तुटली तर संदेश एका माणसाच्या मेलवर नको, तो माणूस रजेवर जातो.

कायद्याचंही तुला ठाऊक असू दे, म्हणजे बैठकीत ठाम बोलता येईल. २०१३ च्या कंपनी कायद्यात कलम १३४ प्रमाणे सूचीबद्ध कंपनीच्या संचालकांना, अंतर्गत वित्तीय नियंत्रणं पुरेशी आहेत आणि परिणामकारक चालतात, असं लिहून द्यावं लागतं. १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाचा, बंद न करता येणारा माग ठेवणं सक्तीचं झालं, आणि त्यावर लेखापरीक्षकालाही अहवाल द्यावा लागतो. संचालक त्या विधानावर सही करतात तेव्हा त्यांच्या हातात असतो तो तुझ्या जोडणीतून आलेला आकडा. त्यांना एसएम५९ माहीत नसतं. तुला माहीत आहे.

ऑफिसचे कागद किंवा स्क्रीनशॉट मला पाठवू नकोस, ते तुझ्या कंपनीचे आहेत. प्रश्न मात्र हवे तेवढे विचार, रात्री दहापर्यंत मी जागी असते. पुढच्या आठवड्यात हक्कांची यादी करायला बसशील, तेव्हा आधी सगळे कंपनी कोड एका कागदावर उतरवून घे आणि वित्त विभागातल्या सगळ्यात जुन्या माणसाला विचार, यातलं काही राहिलंय का.

दादा-वहिनीला नमस्कार सांग. जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझी,
आत्या