घरातले आणि कारखान्यातले वायफाय : जादा वेग विकत घेण्यापूर्वी आपले घर तपासा

सांताक्रूझ पूर्वेला वाकोला, गोळीबार, कलिना या भागांत एक चित्र नेहमी दिसते. खाली दुकान किंवा छोटा कारखाना, वर राहण्याच्या दोन खोल्या. इंटरनेटची तार वरच्या खोलीत येते, कारण जोडणी घेताना टीव्ही तिथे होता. खाली मात्र गिऱ्हाईक पैसे पाठवून उभे राहते आणि दुकानदाराच्या मोबाईलवर रक्कम जमा झाल्याचा संदेश काही येत नाही. डिझाईनचा फोटो मागवलेला असतो, तो अर्ध्यावर अडकतो. कारागीर हात बांधून बसतो. मालक वैतागून कंपनीला फोन लावतो, कंपनी मोठा प्लॅन सुचवते, दरमहा पैसे वाढतात आणि खालची अडचण जिथल्या तिथे राहते.

असे का होते? विहिरीत पाणी भरपूर आहे, पण बादलीला भोक आहे. अशा वेळी विहीर आणखी खोल खणून काय उपयोग? आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी इंटरनेट पुरेसे येते. ते दारापासून मशीनपर्यंत पोहोचताना वाटेत गळते. ही गळती कोठे आहे हे ओळखणे आणि ती कमी खर्चात बंद करणे, एवढाच या लेखाचा विषय आहे.

हवा सर्वांची आहे

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले, तेव्हा ते टेलिफोनच्या तारेवरून येत असे. वायफायमध्ये शेवटचा टप्पा तारेऐवजी रेडिओलहरींनी पार होतो. या लहरींचे दोन पट्टे आपल्या कामाचे आहेत. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा आपल्या देशात जानेवारी २००५ मध्ये परवान्यातून मुक्त झाला. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याचा मोठा भाग ऑक्टोबर २०१८ च्या नियमांनी खुला झाला.

परवाना नाही याचा अर्थ मालकही नाही. एकाच गल्लीतून सर्वांच्या हातगाड्या जाव्यात, तशी ही हवा आहे. दाट वस्तीत आपल्या मोबाईलवर पंधरा-वीस नावे दिसतात. ती सर्व यंत्रे त्याच गल्लीत गर्दी करीत असतात.

दोन्ही पट्ट्यांचा स्वभाव वेगळा आहे. २.४ ची लहर लांब पोहोचते आणि भिंतीतून बऱ्यापैकी जाते, पण तिथे गर्दी फार. ५ मध्ये वेग जास्त आणि गर्दी कमी, पण दोन भिंती मध्ये आल्या की ती थकते. म्हणून राउटरच्या खोलीत ५ वापरावे आणि दूरच्या खोलीत २.४. बिलाचे छोटे प्रिंटर व स्वस्त कॅमेरे पुष्कळदा फक्त २.४ वरच चालतात. ते जोडले जात नसतील तर ते बिघडले आहेत असे समजू नये. प्रथम राउटरमध्ये २.४ चालू आहे का ते पाहावे.

प्रथम परीक्षा, मग खर्च

एक कागद घ्या आणि घराचा कच्चा नकाशा काढा. खोल्या, जिना, माळा, दुकान, शटर, पाण्याची टाकी, लोखंडी कपाट, मोठे आरसे, सर्व दाखवा. आता तीन ठिकाणी वेग मोजा.

पहिले माप लॅपटॉप तारेने थेट राउटरला जोडून घ्या. दुसरे राउटरपासून पाच-सहा फुटांवर, वायफायवर घ्या. तिसरे जिथे अडचण आहे तिथे, म्हणजे गल्ल्यावर किंवा मशीनजवळ उभे राहून घ्या. सकाळी एकदा आणि रात्री नऊच्या सुमारास एकदा, असे दोन वेळा मोजा.

तारेवरच वेग कमी येत असेल तर दोष बहुधा बाहेरच्या जोडणीत आहे. कंपनीकडे तक्रार करा आणि आपले माप वेळेसह सांगा. तारेवर ठीक पण राउटरजवळ वायफायवर कमी, तर दोष राउटरचा किंवा हवेतल्या गर्दीचा. दोन्हीकडे ठीक आणि फक्त दुकानात कमी, तर दोष अंतराचा व भिंतींचा.

समजा, प्लॅन १०० एमबीपीएसचा आहे. राउटरजवळ ९० येतात आणि खाली दुकानात ५. तुम्ही २०० चा प्लॅन घेतला. राउटरजवळ आकडा वाढेल, पण दुकानात जवळपास ५ च राहतील, कारण स्लॅब तोच आहे. पैसे मिळाल्याचा संदेश किंवा बिल पाठवणे यांना तर अगदी थोडा वेग लागतो. त्यांना अखंडपणा हवा असतो, आणि दुबळ्या सिग्नलमध्ये नेमका तोच तुटतो.

सिग्नलची ताकद मोबाईलवरच्या मोफत ॲपने पाहता येते. ती डीबीएममध्ये आणि ऋण आकड्यात असते. उणे ५० म्हणजे उत्तम, उणे ६५ पर्यंत काम निर्धोक चालते, आणि उणे ७५ च्या पलीकडे बोलणे तुटू लागते. प्रत्येक खोलीतला आकडा नकाशावर लिहा. हा कागद जपून ठेवा. पुढे कोणी यंत्र विकायला आला तर त्याच्यासमोर हाच ठेवावा.

राउटरची जागा

बहुतेक घरांत राउटर टीव्हीच्या मागे, कपाटावर किंवा माळ्याच्या कोपऱ्यात टाकलेला असतो. तार जिथे संपली तिथे तो बसला. घराच्या मध्यावर, पाच-सहा फूट उंचीवर, उघड्या भिंतीवर तो लावला की एक पैसा खर्च न करता फरक पडतो.

लहरींचा मोठा शत्रू धातू. पत्र्याची भिंत, लोखंडी रॅक, कपाट आणि ओढलेले शटर सिग्नल अडवतात. शिंप्याच्या दुकानातल्या मोठ्या आरशाच्या मागेही धातूचा लेप असतो. त्यानंतर पाणी, म्हणजे टाकी किंवा पिंप. स्लॅबमध्ये तर सळयांची जाळीच असते, म्हणून वरच्या खोलीतला राउटर खालच्या कारखान्याला क्वचितच पुरतो. स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह २.४ च्याच पट्ट्यात काम करतो. तो चालू असताना जवळचे वायफाय अडखळले तर नवल नाही.

राउटरला बाहेरून दांडे असतील तर ते उभे ठेवावेत. त्याच मजल्यावर सिग्नल चांगला पसरतो. खालच्या मजल्यावर थोडे तरी पोहोचवायचे असेल तर एक दांडा आडवा करून पाहावा आणि पुन्हा मोजावे.

वाहिनी निवडणे

२.४ च्या पट्ट्यात १, ६ आणि ११ या तीनच वाहिन्या एकमेकींना धक्का न लावता चालतात. कोणी ३ किंवा ४ निवडली तर ती १ लाही त्रास देते आणि ६ लाही. आपल्याकडे या तिन्हींपैकी कोणती मोकळी आहे ते ॲपवर पाहून ती कायम करावी. रुंदी २० ठेवावी. ४० केली तर दाट वस्तीत फायद्यापेक्षा भांडणच जास्त.

५ च्या पट्ट्यात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. त्यातल्या ५२ ते १४४ या वाहिन्या हवामान खात्याच्या व इतर रडारांच्या लहरींशी वाटून घ्याव्या लागतात. मुंबईत वेरावली येथे हवामान खात्याचे असे एक सी-बँड रडार जानेवारी २०२२ मध्ये सुरू झाले. रडारची चाहूल लागली की पुष्कळ राउटर ती वाहिनी सोडून दुसरीकडे जातात आणि त्या क्षणी जोडणी तुटते. ‘मधूनच सर्वांचे एकदम जाते आणि मिनिटभरात परत येते’ अशी तक्रार असेल तर ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ यांतली वाहिनी लावून पाहावी.

दुसरा डबा कसा जोडावा

दुकान खाली आणि राउटर वर, अशा घरात शेवटी दुसरे यंत्र लागतेच. त्याचे तीन मार्ग आहेत.

रिपीटर स्वस्त असतो आणि भिंतीतल्या प्लगमध्ये बसतो. तो हवेतून घेतो आणि हवेतूनच देतो, म्हणून वेग साधारण निम्मा होतो. शिवाय लोक तो जिथे सिग्नल नाही तिथेच लावतात. जे त्याला मिळालेच नाही ते तो पुढे काय देणार? तो अर्ध्या वाटेवर लावावा.

मेश म्हणजे दोन-तीन डब्यांचा संच. तो नीट चालतो, पण महाग पडतो, आणि डबे हवेतूनच जोडले तर स्लॅबची अडचण त्यालाही येते.

तिसरा मार्ग साध्या केबलचा. वरून खाली एक तार सोडावी आणि तिच्या टोकाला दुसरा राउटर बसवावा. घरात पडून असलेला जुना राउटरही चालतो. आपल्या धंद्यासाठी मला हाच मार्ग सर्वांत भरवशाचा वाटतो.

जुना राउटर असा तयार करावा. त्याच्या सेटिंगमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट’ असा पर्याय असेल तर तो निवडावा. नसेल तर त्याचा पत्ता बदलावा. मुख्य राउटर १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२ द्यावा. त्याचे डीएचसीपी, म्हणजे मोबाईल-प्रिंटरांना पत्ते वाटण्याचे काम, बंद करावे. तार त्याच्या लॅन भोकात लावावी, वॅन भोकात नव्हे. नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे एकच ठेवावा. वाहिन्या मात्र वेगळ्या ठेवाव्यात, एकाला १ आणि दुसऱ्याला ११.

हे न केल्यास घरात दोन वेगळी जाळी तयार होतात. मग मोबाईल एका जाळ्यात आणि प्रिंटर दुसऱ्यात राहतो. ‘प्रिंटर दिसत नाही’ या तक्रारीचे हे नेहमीचे कारण.

तार घेताना

कॅट ५ई किंवा कॅट ६, पूर्ण तांब्याची तार मागावी. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली तार स्वस्त मिळते, पण ती लवकर तुटते. एका सलग तारेची मर्यादा १०० मीटर आहे, आपल्या घरांना ती भरपूर होते. दोन्ही टोकांना रंगांचा क्रम एकच असावा : पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी.

प्लॅन कितीही मोठा असला तरी तारेवर वेग ९५ च्या आसपासच थांबत असेल, तर आठपैकी एखादी तार नीट बसलेली नाही, किंवा एखाद्या यंत्राचे भोक १०० चेच आहे. टोक कापून पुन्हा बसवावे.

ही तार विजेच्या वायरीसोबत एकाच नळीतून नेऊ नये. गल्ली ओलांडून किंवा छपरावरून दुसऱ्या इमारतीत न्यायची असेल तर तांब्याची तार टाळावी. पावसाळ्यात विजेचा धोका असतो. तिथे फायबर वापरावे.

बिघाड आणि उपाय

सर्वांचेच इंटरनेट गेले : फायबरच्या डब्यावरचे दिवे पाहा. ‘एलओएस’चा लाल दिवा लागला असेल तर प्रकाशच येत नाही. फायबर कोठे दुमडला किंवा तुटला आहे का ते पाहून कंपनीला कळवा. राउटर दहा वेळा बंद-चालू करून उपयोग नाही.

दिवे ठीक, पण एकाच मोबाईलवर बंद : त्या मोबाईलमधून जाळ्याचे नाव काढून टाका आणि पुन्हा जोडा.

प्रिंटर रोज सकाळी हरवतो : त्याचा पत्ता बदलत असतो. मुख्य राउटरमध्ये त्याच्यासाठी एक पत्ता कायम राखून ठेवा.

संध्याकाळीच मंद होते : तारेवर मोजा. तारेवरही मंद असेल तर गर्दी कंपनीकडे आहे. तारेवर ठीक असेल तर वाहिनी बदला.

राउटर मधूनच आपोआप बंद होऊन सुरू होतो : ॲडॉप्टर तपासा. तो थकला की असे होते. नवा घेताना व्होल्ट तेवढेच आणि ॲम्पिअर तेवढे किंवा जास्त असावेत.

दोन सावधगिरीच्या गोष्टी

पहिली, पासवर्डची. जोडणी आपल्या नावावर आहे. कोणी तिचा गैरवापर केला तर चौकशी प्रथम आपल्या दाराशी येते. डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ सुरक्षा ठेवावी, डब्ल्यूपीएस बंद करावे आणि राउटरचा मूळ पासवर्ड बदलावा. कारागिरांना व पाहुण्यांना ‘गेस्ट’ जाळे द्यावे. त्यांचीही सोय होते आणि हिशेबाचा संगणक वेगळा राहतो.

दुसरी, पाण्याची. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच दिवशी कुलाब्यात तो १०० मिलिमीटरच्याही आत होता. आपला भाग मिठी नदी आणि वाकोला नाल्याच्या शेजारचा आहे. डबा, ॲडॉप्टर आणि प्लग जमिनीवर ठेवू नयेत, छातीएवढ्या उंचीवर लावावेत. राउटर व फायबरच्या डब्यासाठी छोटा यूपीएस घेतला तर वीज गेल्यावरही काही तास व्यवहार चालू राहतो.

खर्चाचा क्रम

प्रथम मोजमाप, त्याला खर्च नाही. मग राउटरची जागा आणि वाहिनी, त्यालाही नाही. मग एक चांगली तार आणि घरातला जुना राउटर. त्यानंतरही कमी पडले तर नवे यंत्र. मोठा प्लॅन सर्वांत शेवटी, आणि तोही तारेवरच वेग अपुरा पडतो असे मापाने दिसले तरच.

कापड घेताना आपण ते उजेडात नेऊन, हात लावून पाहतो. इंटरनेटचे पैसेही घामाचेच आहेत. येत्या सुट्टीच्या दिवशी तासभर काढून तो नकाशा तेवढा तयार करावा. दुकानातला आकडा उणे ७५ च्या पलीकडे निघाला, तर कंपनीला फोन करण्याआधी तारेच्या दुकानात जावे.