सांभाळणाऱ्या आईच्या विसाव्याचे पैसे कुठे आहेत?

परवा वस्तीत रक्तदाब तपासायला बसले होते. एका ताईचा वरचा दाब 170 निघाला. गोळ्या चालू आहेत का, असं विचारलं तर म्हणाली, "सिस्टर, सरकारी दवाखान्यात अर्धा दिवस जातो. तेवढा वेळ पोराला कुणावर सोडू?" पोरगा सोळा वर्षांचा आहे, त्याला सेरेब्रल पाल्सी आहे. त्याला उचलणं, भरवणं, रात्री दोन-दोन तासांनी कूस बदलणं हे सगळं तीच करते. धुण्याभांड्याची दोन कामंही त्यापायी सुटली.

सांभाळणाऱ्याला काही तास किंवा काही दिवस मोकळं करून तोवर दुसऱ्याने काळजी घ्यायची, याला रेस्पाइट केअर म्हणतात. आपण विसावा म्हणू. ही चैन नाही. पाठ धरलेली, झोप मोडलेली आई अंथरुणाला खिळली, तर त्या मुलाला कोण बघणार?

आता सरकार काय देतं ते बघू. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांना ऑक्टोबर 2025 पासून महिना 2500 रुपये आहेत, आधी 1500 होते. अर्ज तहसील कार्यालयात. पण हे पैसे दिव्यांग व्यक्तीच्या पोटापाण्याचे. जिची मजुरी बुडाली, तिचा त्यात हिशेबच नाही. केरळात आश्वासकिरणम् नावाच्या योजनेत सांभाळणाऱ्या माणसासाठी महिना 600 रुपये ठेवले आहेत. रक्कम तुटपुंजीच, पण तिथे निदान ती बाई सरकारला दिसली.

कायद्यात हे नाही असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 24 मध्ये, ज्यांना जास्त आधार लागतो अशांसाठी काळजीवाहक भत्ता स्पष्ट लिहिला आहे. मेख एवढीच, की सरकारने योजना "आर्थिक कुवतीच्या मर्यादेत" करायच्या आहेत. ही कुवत आपण मागितल्याशिवाय वाढत नाही, हा माझा अनुभव.

ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल, तर 1999 च्या कायद्याने झालेल्या राष्ट्रीय न्यासाची निरामय विमा योजना आहे. वर्षाला 1 लाखापर्यंतचा खर्च मिळतो. त्यात ओपीडी आणि थेरपीही बसते, मात्र प्रत्येक बाबीला मर्यादा आहे. आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही. पैसे आधी आपण भरायचे आणि बिलं देऊन परत घ्यायचे, म्हणून डॉक्टरची चिठ्ठी आणि पक्की पावती टाकून देऊ नका. दरवर्षी नूतनीकरण विसरलात तर संरक्षण तुटतं. वस्तीत बहुतेक घरं इथेच चुकतात.

याच न्यासाची समर्थ योजना विसाव्यासाठीच आहे. केंद्रं संस्था चालवतात, न्यास पैसे देतो. मुलाला तिथे काही दिवस ठेवता येतं. पण अशी केंद्रं फार थोडी, आणि आपल्या वस्तीपासून दूर. भाड्याची रिक्षा करून व्हीलचेअरवरचं मूल तिथे नेणं किती घरांना जमेल?

म्हणून जवळच्या जागेची मागणी करावी लागेल. महापालिका, नगरपालिका, ग्रामपंचायतींनी दिव्यांगांसाठी 5 टक्के निधी राखायचा असतो. बऱ्याच ठिकाणी तो सायकली आणि उपकरणं वाटण्यात जातो, फोटो निघतात. यातून वस्तीत एक खोली, एक प्रशिक्षित बाई, सकाळी दहा ते दोन एवढं मागूया. चार तासांत ताई दवाखान्यात जाऊन येईल, झोपेल, कदाचित एक कामही धरेल.

ज्या घरात असं मूल किंवा मोठा माणूस आहे, त्यांनी येत्या रविवारी विहारात कागद घेऊन या. आधार, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला आणि यूडीआयडी कार्ड. कार्ड नसेल तरी या, शासकीय रुग्णालयाच्या बोर्डाचा अर्ज तिथेच भरू. आणि येताना मुलाला घेऊन या, दोन तास आम्ही बघतो.