शरणपूर: नावातच आश्रय

आजचं वचन: स्तोत्रसंहिता 46:1

धुळ्याहून नाशिकला गेलो की शरणपूर रोडवरून नेहमी जाणं होतं. पण त्या नावाचा कधी विचारच केला नव्हता.

1854 च्या सुमारास चर्च मिशनरी सोसायटीचे रेव्ह. विल्यम प्राइस यांनी नाशिकच्या वेशीबाहेर ही ख्रिस्ती वसाहत वसवली. ब्रिटिश नौदलाने गुलामांच्या जहाजांतून सोडवलेली आफ्रिकन मुलं पुढे इथे आली, शिकली, हातात कसब घेऊन बाहेर पडली. त्यांतलाच एक जेकब वेनराइट. 1873 मध्ये आफ्रिकेत डेव्हिड लिव्हिंगस्टन वारले. त्यांचं हृदय तिथेच पुरलं, तेव्हा प्रार्थना जेकबने वाचली. मग तो आणि त्याचे सोबती त्यांचा देह घेऊन कित्येक महिने चालत समुद्रकिनारी पोचले.

ज्याला आश्रय मिळाला, त्याने दुसऱ्याला वाटेत सोडलं नाही.

गेल्या रविवारी आमच्या चर्चमध्ये एक नवा मुलगा मागच्या बाकावर एकटाच बसला होता. मी त्याला नावही विचारलं नाही. येत्या रविवारी विचारणार. तुम्ही?

प्रभू, तू आमचा आश्रय आहेस. आमच्या बाकावर दुसऱ्यालाही जागा करायला शिकव. आमेन.