मूळ डच चित्र आणि त्याची नक्कल : पारख कशी करावी?

सतराव्या शतकात नेदरलँड्समध्ये चित्रकलेला विलक्षण बहर आला. व्यापारी आणि सामान्य नागरिकही घरासाठी चित्रे विकत घेऊ लागले. रेम्ब्रांट, व्हर्मीर, फ्रान्स हाल्स हे त्याच काळातले. त्यांच्या चित्रांच्या शोभेच्या नकला आजही रंगवल्या आणि विकल्या जातात.

नक्कल करणे हा दोष नव्हे. स्वतः रेम्ब्रांटने सुमारे १६५६ ते १६६१ या काळात मुघल चित्रांवरून रेखाटने केली. त्यांपैकी वीसहून अधिक आज उपलब्ध आहेत. नक्कल जेव्हा मूळ म्हणून पुढे केली जाते, तेव्हा ती फसवणूक ठरते. म्हणून इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी चित्राचीही दस्तऐवजाप्रमाणे तपासणी करावी. तिच्या पायऱ्या आपण क्रमाने पाहू.

१. पाठीमागची बाजू : प्रथम चित्र उलटून पाहावे. त्या काळातील चित्रे ओक लाकडाच्या फळीवर किंवा हातमागाच्या तागी कापडावर असत. यंत्रावर विणलेले एकसारखे कापड आणि स्टेपलच्या पिना दिसल्या, तर शंका घ्यावी. मात्र जुन्या चित्रालाही पुढे नवे अस्तर लावलेले असू शकते. फळीच्या वार्षिक वलयांवरून झाड केव्हाच्या आधी तोडलेले असू शकत नाही, हे कळते. ते वर्ष चित्रकाराच्या मृत्यूनंतरचे निघाले, तर प्रश्न तेथेच मिटतो.

२. रंगद्रव्ये : प्रशियन निळा रंग अठराव्या शतकाच्या आरंभी आणि टिटॅनियम पांढरा विसाव्या शतकात वापरात आला. व्हर्मीरचा मृत्यू १६७५ मधला. त्याच्या म्हटलेल्या चित्राच्या मूळ थरात हे रंग सापडले, तर ते चित्र त्याचे नव्हे. केवळ वरच्या डागडुजीत सापडले, तर मात्र तसा निष्कर्ष काढता येत नाही.

३. भेगा : काळाने पडलेल्या भेगा रंगाच्या थरानुसार बदलतात. कृत्रिम भेगा बहुधा सर्वत्र सारख्या आणि वरवरच्या असतात.

४. चित्रकाराचा विचार : मूळ चित्रकार काढता काढता बदल करतो, हात सरकवतो, एखादी वस्तू पुसतो. क्ष-किरणांत हे बदल दिसतात. नक्कल करणाऱ्यापुढे तयार चित्र असल्याने त्याला असे बदल क्वचितच करावे लागतात. चित्रकाराच्या शिष्यांनी त्याच काळात केलेल्या नकलांत कापड आणि रंग तेच असतात. तेथे ही कसोटी विशेष उपयोगी पडते.

५. सही : सही सर्वांत शेवटी पाहावी, कारण ती कोणालाही करता येते.

आता एक उदाहरण. हान व्हान मेगेरेन या डच चित्रकाराने कोणत्याही एका चित्राची नक्कल न करता व्हर्मीरच्या नावावर नवीच चित्रे रचली. त्याने सतराव्या शतकातील कापड मिळवून त्यावरील जुने चित्र खरवडले, रंगात कृत्रिम राळ मिसळली आणि चित्र भट्टीत तापवले. १९३७ मध्ये अब्राहम ब्रेडियस या नामवंत कलातज्ज्ञाने ते चित्र व्हर्मीरचेच असल्याचे जाहीर केले. पुढच्याच वर्षी ते रॉटरडॅमच्या बॉयमन्स संग्रहालयात गेले. मेगेरेनचे दुसरे एक चित्र नाझी नेता गोरिंगकडे पोहोचले. राष्ट्राचा ठेवा शत्रूला विकल्याच्या आरोपावरून १९४५ मध्ये मेगेरेनला अटक झाली, तेव्हा ती चित्रे आपणच काढल्याचे त्याने सांगितले आणि पहाऱ्यात नवे चित्र काढून दाखवले. रासायनिक तपासणीत विसाव्या शतकातील राळ सापडली. १९४७ मध्ये त्याला एक वर्षाची शिक्षा झाली. ती भोगण्यापूर्वीच तो मरण पावला.

येथे चित्र तेच राहिले होते. बदलला तो पुरावा. नामवंताचा शब्द हीच कसोटी मानल्यामुळे एवढी फसगत झाली. केसपुत्त गावच्या कालामांना तथागतांनी हेच सांगितले होते की, परंपरा आहे, ग्रंथात आहे किंवा सांगणारा थोर आहे, एवढ्यावरून काहीही स्वीकारू नका. ज्या समाजाला ‘शास्त्रात लिहिले आहे’ एवढ्या एका वाक्याने पिढ्यान्पिढ्या गप्प बसवले गेले, त्या समाजाच्या मुलामुलींना ही सवय शोभेची नाही, गरजेची आहे. चित्र असो, ताम्रपट असो वा पाठ्यपुस्तकातील विधान असो, आपण प्रथम विचारावे : याला पुरावा काय?

स्वाध्याय : (१) प्रशियन निळा रंग केवळ वरच्या डागडुजीत आढळल्यास चित्र नकली ठरते काय? कारण सांगा. (२) सही सर्वांत शेवटी का पाहावी?