पायी वारी आणि पावसाळी वस्त्रे

शेगाव येथील श्री गजानन महाराजांची पालखी आषाढी एकादशीसाठी पंढरपूरला पायी जाते. अकोला, परभणी, परळी, अंबाजोगाई, सोलापूर अशा या सुमारे ७०० किलोमीटरच्या वाटेस महिनाभर लागतो. एकादशी २०२३ मध्ये २९ जूनला, तर २०२४ मध्ये १७ जुलैला आली. साहजिकच प्रस्थान कधी मेअखेरीस, कधी जूनच्या मध्यास होते. निघताना वऱ्हाडचे ऊन असते आणि पुढे वाटेत पाऊस गाठतो. परतीची वाट सिंदखेडराजा, मेहकर, खामगाव अशी बुलढाणा जिल्ह्यातून येते, तेव्हा पावसाळा भरात असतो. वस्त्रांची निवड या दोन्ही ऋतूंसाठी करावी लागते.

न भिजणारे कापड मिळाले की काम झाले, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात दिवसभर चालणारा माणूस पावसाने नाही तर घामाने भिजतोच. रबरी अस्तराच्या जाड रेनकोटात घामाची वाफ कोंडते आणि आतील सदरा ओलाच राहतो. म्हणून कापड किती लवकर वाळते, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. कापसाचा तंतू सर्वसाधारण हवेतही वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के ओलावा धरतो. पॉलिएस्टरचा तंतू अर्धा टक्काही धरत नाही. जाडेभरडे धोतर भिजले की जड होते, मांड्यांना काचते आणि मुक्कामी रात्रभर वाळत नाही. नऊवारी लुगडे म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर कापड. स्त्रियांना हा भार अधिकच जाणवतो. उन्हात मात्र सुती कापडच सुखावह असते. तेव्हा पातळ सुती किंवा सूतमिश्रित टेरिकॉटचे दोन जोड, एक अंगावर व एक पिशवीत कोरडा, ही व्यवस्था सोयीची होय. निव्वळ कृत्रिम धाग्याचे कपडे चुलीजवळ वितळून अंगाला चिकटतात, हे स्वयंपाक करणाऱ्यांनी विसरू नये. शिक्षकांना शाळेतील तराजूवर कोरड्या व पिळलेल्या कापडाचे वजन करून विद्यार्थ्यांस हा फरक सहज दाखविता येईल.

वरून घेण्यासाठी जुनी खोळच उत्तम. पूर्वी ती घोंगडीची असे. लोकर ओली झाली तरी ऊब देते, पण तिचे वजन फार. आज प्लास्टिकची खोळ वापरतात. दोन मीटर लांब, दीड मीटर रुंद व ५० मायक्रॉन जाडीच्या कापडाचे वजन १४० ग्रॅमच्या आसपास भरते. ती खालून मोकळी असल्याने वारा खेळतो, हात टाळ-पताकेसाठी मोकळे राहतात आणि पाठीवरील पिशवीही झाकली जाते. छत्रीने हे साधत नाही. दिंड्यांचे बरेचसे सामान वाहनातून पुढे जाते. पण सर येते तेव्हा वाहन दूर असते, म्हणून खोळ जवळच हवी. रंग पांढरा किंवा पारदर्शक असावा. काळी-निळी खोळ संधिप्रकाशात वाहनचालकास दिसत नाही. मात्र एका हंगामात फाटणारे पातळ प्लास्टिक शेताच्या बांधावर पडते व गुरांच्या पोटात जाते. थोडी जाड, काठ शिवलेली खोळ अनेक वर्षे पुरते.

ओल्या पायांना चिखल्या होतात. मुक्कामी पाय पुसून कोरडे ठेवणे, खोबरेल तेल लावणे आणि दुसऱ्या दिवशी कोरडेच मोजे घालणे आवश्यक असते.

वाटेवरील ग्रामपंचायतींनी मुक्कामाच्या शाळेत ओसरीखाली दोऱ्या बांधून ठेवाव्यात. वारा लागेल अशा आडोशाला पातळ कापड पहाटेपर्यंत वाळते. एकावर एक टाकलेले ढीग मात्र तसेच ओले राहतात.