शेक सुरू करण्याआधी गोळ्यांचं विचारा

पंचवटीत दिंडोरी रोडच्या आजूबाजूला सकाळी फिरून आलेल्या बायका एखाद्या फ्लॅटच्या हॉलमध्ये जमतात. वजनकाटा, मिक्सर, पावडरचे डबे, भिंतीवर आधीचे-नंतरचे फोटो. नाश्ता आणि रात्रीचं जेवण बंद, त्याऐवजी शेक. माझी वहिनीही अशा एका क्लबात जाऊ लागली. वजन भराभर उतरलं, सगळ्यांनी कौतुक केलं. मधुमेहासाठी तिची ग्लिमेपिराइडची गोळी मात्र पूर्वीइतकीच चालू होती. तिथे तिला औषधांबद्दल कुणी विचारलं नव्हतं.

मार्केट यार्डातून भाजी घेऊन येताना तिला दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले, बोलणं अडखळलं. उन्हाने झालं असेल, असं म्हणत लोक पाणी पाजत होते. तिला हवी होती साखर. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, मग पोटात अन्न असो वा नसो. अशा वेळी माणूस शुद्धीत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, पंधरा मिनिटांनी रक्त तपासून गरज पडल्यास पुन्हा द्यावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये, थेट दवाखाना गाठावा. बरं वाटलं तरी डॉक्टरांना दाखवायचंच, कारण गोळीचा अंमल टिकतो आणि साखर पुन्हा उतरू शकते.

शेकने वजन उतरतं, हे खरं आहे. ब्रिटनमधल्या ‘डायरेक्ट’ या अभ्यासाचे निष्कर्ष २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. रोज साधारण ८२५ ते ८५३ कॅलरीचे शेक आणि सूप, तीन ते पाच महिने. वर्षाअखेर ४६ टक्के लोकांचा मधुमेह औषधाविना आटोक्यात होता, दुसऱ्या वर्षाअखेर ३६ टक्क्यांचा. पण तिथे मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या पहिल्याच दिवशी वैद्यकीय देखरेखीखाली थांबवल्या होत्या, आणि इन्सुलिन घेणाऱ्यांना अभ्यासात घेतलंच नव्हतं. नंतर दोन ते आठ आठवडे टप्प्याटप्प्याने जेवण परत आणलं.

आपल्याकडे नेमकं हेच सुटतं. डबा संपला की माणूस जुन्या ताटावर येतो आणि वजनही परत येतं. वहिनी आता आहारतज्ज्ञांकडून रात्रीची अर्धी भाकरी, उसळ, पालेभाजी यांचं माप शिकते आहे. हे संथ काम आहे, पण जन्मभर चालेल असं आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२४ ची मार्गदर्शक तत्त्वंही आठवड्याला अर्धा किलो घट सुरक्षित मानतात आणि दिवसाला १००० कॅलरीच्या खाली जाऊ नका म्हणतात. गरोदर बायकांनी, मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पावडरीला हातच लावू नये. गोळ्याही आपल्या मनाने बंद करू नयेत.

आणखी एक. वजन वेगाने उतरताना पित्ताशयात खडे होऊ शकतात. जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ येऊ लागली तर ‘पित्त झालं’ म्हणून अँटासिडवर दिवस काढू नका, पोटाची सोनोग्राफी करून घ्या.